सहा महिने थांबा

बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, दर डब्यात, खिडकीशी एक गृहस्थ बसलेला असतो. मांडीवर सॅक, सॅकवर पेपर. पेपरात युद्ध पेटलेलं असो की सरकार पडलेलं असो, हा आधी फ्लॅटची पानभर जाहिरात वाचतो. तीही खालून वर. म्हणजे पहिल्यांदा बारीक अक्षरातल्या अटी, मग भाव, आणि वेळ उरलाच तर तलावात डुंबणारं ते हसरं कुटुंब.

आमच्या डब्यातल्या गृहस्थांना आम्ही सहामाही काका म्हणतो. वीस वर्षांनी इथं काय होणार हे सांगायला बिल्डर आहे, उद्या काय होणार हे सांगायला एजंट आहे. मधल्या सहा महिन्यांचा ठेका काकांकडे. "आत्ता नका घेऊ. सहा महिने थांबा," हे वाक्य ते अंबरनाथ यायच्या आत एकदा म्हणतात आणि उल्हासनगरला चढलेल्यांसाठी पुन्हा एकदा. कल्याणनंतर गर्दीच अशी होते की भाकीत करायलाही श्वास पुरत नाही.

थांबणं तसं त्यांच्या घराण्यातच आहे. वडील लालबागला गिरणीत. 1982 च्या संपात गिरणी गेली, मग पागडीची खोली देऊन डोंबिवलीत घर बघायला निघाले. डोंबिवलीचे भाव त्यांना चढे वाटले. उतरतील म्हणून थांबले. थांबता थांबता हातातल्या पैशांत अंबरनाथ बसेनासं झालं आणि बदलापूर बसलं. सहा महिने थांबलं की माणूस एखाददुसरं स्टेशन आणखी लांब जातो, हा घरचा हिशोब काकांनी कधी मांडलेला नाही. बाकी सगळे हिशोब त्यांच्यापाशी तयार आहेत.

त्यांच्या भाकितांना इतिहास आहे, आणि चौथ्या सीटवर लटकलेल्या एखाद्या पोराने विचारलं तर ते तो सनावळीसकट सांगतात. 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली तेव्हा काका म्हणाले, काळा पैसा गेला, आता बिल्डर दारात येऊन चावी देईल. 2017 ला महारेरा आलं तेव्हा म्हणाले, निम्मे बिल्डर पळणार, उरलेले पडेल भावात विकणार. 2020 मध्ये टाळेबंदीत म्हणाले, सगळे घरून काम करणार, आता 68 किलोमीटरवर राहायला कोण येतंय! पुढच्याच आठवड्यात म्हणाले, घरून काम म्हणजे जास्तीची खोली लागणार, मुंबईवाले सगळे इकडेच येणार. त्याच सप्टेंबरात सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट दिली. लोक रजा टाकून नोंदणी कार्यालयात रांगा लावत होते. काका मात्र हसले. "सरकार घाबरलंय. अजून सूट देणार." 31 डिसेंबर गेला, सूट दोन टक्क्यांवर आली. मार्च संपला आणि तीही गेली. एकच सवलत अशी दोन हप्त्यांत चुकवणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

रेपो दर हा त्यांचा खास विषय. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो साडेसहावरून खाली आणायला सुरुवात केली, तसे काका तरतरीत झाले. एप्रिलमध्ये 6, जूनमध्ये 5.50, डिसेंबरात 5.25. प्रत्येक कपातीच्या दुसऱ्या दिवशी काकांचा निर्णय एकच, "अजून पाव टक्का होऊ द्या." पँफ्लेटच्या पाठीमागे त्यांनी मला मांडून दाखवलं: 30 लाखांचं कर्ज, 20 वर्षं. पावणेनऊ टक्क्यांना हप्ता साडेसव्वीस हजार, साडेसातला सव्वाचोवीसच्या आत. महिन्याला 2,300 रुपये वाचले. मी म्हटलं, "मग घ्या की." त्यावर त्यांनी माझ्याकडे फार दयाळूपणे पाहिलं. "व्याज उतरलं की सगळे धावतात. सगळे धावले की भाव चढतात. म्हणून गर्दी ओसरू द्यायची." गर्दी कधी ओसरते? "व्याज वाढलं की."

ही चक्राकार मांडणी ऐकून तुम्हाला वाटेल की काकांना काही कळत नाही. तसं नाही. बदलापूरचा बाजार काकांना बिल्डरपेक्षा बारकाईने ठाऊक आहे. 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं हे गाव 2011 ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, तेव्हापासूनचे खड्डे, पाया आणि स्लॅब त्यांनी मोजलेत. इथे फलकावरचा भाव पडत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. फलकावरचा भाव फुटाला दोनशे रुपयांनी उतरवला, तर आधी बुकिंग केलेले लोक दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसात. बँकेचा मूल्यांकनवाला पण कागद खाली-वर करणार. म्हणून भाव जागच्या जागी उभा राहतो आणि त्याच्या खालची माती सरकते. मंदी आली हे ओळखायचं कसं? आधी मॉड्युलर किचन फुकट येतं. मग एसी. मग मजल्यागणिक वाढणारे पैसे माफ होतात. मग स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन बिल्डर भरतो. पार्किंग फुकट दिलं की समजावं, माणूस खरंच अडचणीत आहे. हे सगळं काकांच्या जिभेवर आहे, आणि हे ज्ञान खरं आहे. पण ते असं आहे की ते वापरायला घर घ्यावं लागतं.

बातम्या पारखण्यातही ते कुणाला ऐकत नाहीत. नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन 2018 ला झालं, उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला. मधली सगळी वर्षं बदलापूरच्या प्रत्येक पँफ्लेटवर विमान होतं. काकांचं तेव्हा म्हणणं होतं, ते विमान भावात कधीच उतरलंय, आता फक्त प्रवासी उतरायचे बाकी. वडोदरा-मुंबई महामार्गाचा माथेरानच्या डोंगराखालचा बोगदा, कांजूरमार्गहून बदलापूरला यायची मेट्रो 14, या सगळ्यांचे पैसे गिऱ्हाईक आजच मोजतंय. मेट्रो कागदावर आहे, भाव पक्क्या बांधकामात. इथे काकांशी वाद घालायला जागा नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. काकांचं राहतं घर पूर्वेला, कात्रपला, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. वन बीएचके. ते विकून त्यांना पश्चिमेला नव्या टॉवरमध्ये टू बीएचके घ्यायचा आहे, मुलाचं लग्न व्हायच्या आत. त्यामुळे त्यांना बदलापूरचे भाव एकाच वेळी चढायला हवेत आणि पडायलाही. पूर्वेला चढायला, पश्चिमेला पडायला. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत, त्यावरून भाव वळावेत अशी त्यांची अपेक्षा. त्यासाठी त्यांनी उपपत्तीही तयार केलीय. जुन्या घरात कार्पेट खरं, भिंती जाड, ताबा तयार, जीएसटी नाही. नव्यात पंचेचाळीस लाखांच्या आतल्या घरालाही एक टक्का जीएसटी, ताब्याला तीन वर्षं, तोवर इकडे भाडं आणि तिकडे हप्ता. "लोकांना हे सहा महिन्यांत कळणार," ते म्हणतात. त्यांच्या बिल्डिंगला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाची बँक नाक मुरडते, हा भाग त्या उपपत्तीत येत नाही.

एका रविवारी ते मला सँपल फ्लॅट बघायला घेऊन गेले. पावसाळ्यातच घर बघायचं, हा त्यांचा नियम. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी गावात आली होती आणि 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या मध्ये पाण्यात अडकली होती, त्या दोन्ही पुरांच्या खुणा काकांना तोंडपाठ. साइटवर पोहोचल्यावर ते ऑफिसात न जाता थेट शेजारच्या जुन्या चाळीच्या भिंतीपाशी गेले. कमरेएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ गेलेली. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. सेल्सचा मुलगा छत्री घेऊन धावत आला. "सर, ती डिझाइन आहे."

"निसर्गाची," काका म्हणाले. "पूररेषा निळी की लाल?"

"सर, आपला पोडियम आहे ना! पाणी आलं तरी पार्किंगपर्यंतच."

"म्हणजे पार्किंग फुकट देणार?"

सँपल फ्लॅट आत फार सुंदर होता. कुठल्याही सँपल फ्लॅटला दारं नसतात, हे काकांनी मला कानात सांगितलं. दारं नसली की खोल्या मोठ्या दिसतात. मग ते बेडरूममध्ये गेले, चप्पल काढली आणि त्या गुलाबी पलंगावर सरळ आडवे झाले. घोट्यापासूनचे दोन्ही पाय पलंगाबाहेर. काकांची उंची बेताचीच आहे. "मुलाचा पलंग आहे, सर," मुलगा म्हणाला. "मास्टर बेडरूममध्ये?" काकांनी झोपूनच विचारलं. शेजारून आलेल्या एका नवविवाहित जोडप्याने हे पाहिलं आणि त्यातल्या नवऱ्याने हळूच भिंत वितीने मोजायला सुरुवात केली. सेल्सच्या मुलाचा चेहरा उतरला.

टेबलाशी बसल्यावर मात्र काकांनी पाऊण तास असा घासाघिशीचा खेळ केला की मॅनेजरला आतून यावं लागलं. सगळं मिळून 44 लाख 80 हजारांवरून सुरू झालेला आकडा 42 वर आला, किचन आलं, एसी दोन आले, रजिस्ट्रेशन बिल्डरकडे गेलं आणि शेवटी पार्किंगही आलं. मॅनेजर म्हणाला, "काका, हा भाव आजचाच. एक तारखेपासून दोनशे वाढणार." मी काकांकडे पाहिलं. त्यांच्याच शास्त्राप्रमाणे पार्किंग फुकट म्हणजे तळ लागला. याच्या खाली काही नसतं. काका उठले, मॅनेजरशी हात मिळवला आणि म्हणाले, "आधी माझं विकू दे. सहा महिन्यांनी येतो."

बाहेर आल्यावर ते कमालीचे खूश होते. मला चहा पाजला. घर घेण्याचा जो आनंद असतो तो सगळा त्यांना मिळून गेला होता, हप्ता मात्र नव्हता.

त्यांच्या घराला गिऱ्हाईक आलं ते दिवाळीच्या आधी. मला त्यांनी मुद्दाम बोलावलं. "समोरचा घासाघीस करणार. तुम्ही फक्त बसा आणि मधूनमधून 'एवढ्यात कुठे मिळतं' म्हणा." काकूंनी पोहे केले होते. बेल वाजली आणि आत आला तो आमच्या डब्यातला चौथ्या सीटवरचा पोरगा, बायकोसह. लग्नाआधीपासून काकांचं ऐकून भाड्यानं राहणारा. दर अकरा महिन्यांनी करार, दर कराराला भाडेवाढ, आणि दर वाढीला काकांचा दिलासा.

त्याने घर नीट पाहिलं. नळ सोडून पाण्याचा जोर बघितला, टाकी किती दिवसांनी भरते ते काकूंना विचारलं. बारवी धरण दारात असून टँकर का लागतो, यावर काकू जरा जास्तच खरं बोलल्या. मग त्याने गॅलरीतल्या भिंतीची ओल बोटाने दाबून पाहिली, दारामागे उभं राहून दार कुठवर उघडतं ते बघितलं, सोफ्यावर पाय लांब करून पाहिले. शेवटी विचारलं, "काका, ओसी?"

"अरे, त्या काळात कोण घेत होतं ओसी!"

"कन्व्हेयन्स?"

"होतंय. सहा महिन्यांत."

पोरगा मान हलवत राहिला. काकांनी 28 सांगितले. मी म्हणालो, एवढ्यात कुठे मिळतं. पोरग्याने सॅकमधून एक पँफ्लेट काढलं, उलटं केलं आणि त्याच्या पाठीमागे मांडायला लागला. कर्ज, वीस वर्षं, दर. आकडे नेमके काकांच्याच पद्धतीने, एकाखाली एक, उजवीकडे गोल काढून. मग म्हणाला, "23."

काकांचा पोह्यांचा चमचा वाटीतच राहिला. "तेवीस? अरे, विमानतळ सुरू होतंय!"

"ते भावात कधीच उतरलंय ना, काका."

"व्याज खाली येतंय. लोक धावतील आता."

"म्हणून तर गर्दी ओसरू द्यावी म्हणतो." बायकोकडे बघून तो उठला. "घर आवडलंय आम्हाला. पण तुम्हीच म्हणता, आत्ता घाई करायची नाही. सहा महिन्यांनी येतो."

काका अनवाणीच त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेले. "अरे, ते मी पश्चिमेबद्दल म्हणालो होतो! ऐक तरी! पंचवीसला बोल, सोफा ठेवून जातो!"

दुसऱ्या मजल्यावरून पोरग्याचा आवाज आला, "एसी आहे का?"