एक सज्जन छिद्रान्वेषी

देवळात गेल्यावर माणसं देवाकडे बघतात. जाळीवाले काका गाभाऱ्याच्या दाराकडे बघतात. दारावरच्या जाळीतली वेल मध्येच कुठे तुटलेली नाही ना, एवढी खात्री झाली की हात जोडतात, आणि तेही बहुधा सुताराला. लोकलच्या खिडकीची जाळी, रुखवतातला कातरलेला कागद, नातीच्या फ्रॉकची लेस, जगात जे जे भोकाभोकांचं आहे त्यावर त्यांचा जीव. भरीव वस्तूंबद्दल त्यांना फारशी आस्था नाही. तुम्ही हौसेने नवं जेवणाचं टेबल दाखवलंत, तर बोटाने टकटक करून "किती एमएमचा प्लाय?" एवढंच विचारतील. मग त्याच्याकडे अशा नजरेने बघत राहतील, की तुम्हालाच टेबलाची काळजी वाटू लागेल.

प्रत्येक मोठ्या सोसायटीत असे एक तरी काका असतात. बहुतेक बँकेतून, एलआयसीतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त झालेले. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला फ्रेट सॉ हातात आलेली असते. पुढे सगळी नोकरी फायली सांभाळण्यात जाते आणि निवृत्तीनंतर ती करवत एकदम आठवते. मग मुलगा वाढदिवसाला विजेवर चालणारी स्क्रोल सॉ आणून देतो. मुलगा आता बंगळुरूला असतो. मशीन इथेच आहे.

मशीन ठेवलं ड्राय बाल्कनीत. संसारात काकूंनी एवढा मुलूख एका दमात कधीच गमावला नव्हता. पण त्यांनीही तह करताना कलमं घालून घेतली. चैत्र-वैशाखात पापड-कुरडया वाळत असताना मशीन बंद. भुसा अंगावर घेऊन दिवाणखान्यात यायचं नाही. आणि लाटणं, पोळपाट, पाट यांच्याकडे लाकूड म्हणून बघायचं नाही. तिसरं कलम काकूंनी अनुभवाने घातलं आहे.

तुम्ही नवखे आहात हे कळलं की काका तुम्हाला मशीन दाखवतात. छोट्या लोखंडी टेबलाच्या मधोमध पाच इंचांचं एक बारीक पातं उभं ताणलेलं असतं. ते मिनिटाला पाचशेपासून दीड हजार वेळा जागच्या जागी वर-खाली होतं. "सुतार करवत फिरवतो, आम्ही लाकूड फिरवतो," हे वाक्य ते उभं राहून सांगतात. मग नखाने पातं छेडतात. टंग! "सूर चढा लागला पाहिजे. पातं उतरलेलं असलं की वळणावर दगा देतं." काकांना गाण्याचा कान नाही, असं काकू चारचौघांत सांगतात. पण पात्याच्या बाबतीत ते सुराला पक्के.

पात्यांना नंबर असतात. नंबर वाढेल तसं पातं जाड. नाजूक पाकळीला दोन नंबर, रोजच्या कामाला पाच नंबर, जाड शिसवीला नऊ नंबर. त्यातही काही पात्यांचे खालचे थोडे दात उलटे, वर तोंड केलेले असतात, म्हणजे लाकडाच्या खालच्या अंगाला कुसळं निघत नाहीत. या उलट्या दातांवर काका लग्नाच्या पंगतीत वरण-भातापासून ताकापर्यंत बोलू शकतात. पातं 'टक्' करून तुटलं की घरात थोडा वेळ कुणी बोलत नाही.

पण काकांचा खरा कस आतल्या कापात लागतो. नक्षीचा कागद झेरॉक्सवाल्याकडून 141 टक्के मोठा करून आणायचा, म्हणजे ए-फोरचा बरोबर ए-थ्री होतो. लाकडावर आधी पॅकिंग टेप, मग तिच्यावर कागद. टेपमुळे लाकूड जळत नाही आणि कागद निघतोही नीट. मग नक्षीच्या प्रत्येक घरात ड्रिलने बारीक भोक पाडायचं. पात्याचं वरचं टोक सोडवायचं, ते भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, ताणायचं, छेडून सूर बघायचा, तेवढं घर कापायचं, की पुन्हा टोक सोडवायचं. पुढचं भोक. "या घड्याळात भोकं किती असतील, सांगा बघू?" असं काकांनी विचारलं तर आकडा कधीही मोठा सांगू नये. तुम्ही दोनशे म्हणालात आणि निघाली 188, तर त्यांचा दिवस फुकट जातो. पन्नास म्हणा. मग त्यांचा चेहरा बघा.

या उद्योगातून काकांना देवनागरीचं एक रहस्य उमगलेलं आहे. शिरोरेषा ही आपल्या पूर्वजांनी स्क्रोल सॉसाठीच काढली, असं त्यांचं ठाम मत आहे. नावाची पाटी कापताना 'जोशी' अख्खे एका तुकड्यात निघतात, कारण सगळी अक्षरं वर धरलेली. हेच जोशी इंग्रजीत कापा. पाच अक्षरांचे पाच तुकडे आणि आयवरचं टिंब सहावं. मराठीत वैरी एकच, अनुस्वार. तो कशालाच चिकटलेला नसतो. कापला की भुशात पडतो आणि केरात जातो. त्यामुळे कुलकर्णी, पाटील, गोखले यांच्या दारांवर काकांच्या पाट्या झळकतात. शिंदे आणि देशपांडे अजून वाट बघत आहेत. पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी काय करते, कुठली, हे सगळ्यांनी विचारलं. काकांनी विचारलं, "नावात अनुस्वार आहे का?"

मग येतात व्यक्तींची चित्रं. चेहऱ्यावरचा उजेड कापून टाकायचा, सावली ठेवायची आणि पांढऱ्या भिंतीवर टांगायचं. अट एकच, उरलेली सावली सगळी एकमेकींना जोडलेली हवी. लोकमान्य टिळक या कामासाठीच जन्माला आलेले. पगडी कपाळाला धरून ठेवते, मिशा नाकाला. शिवाजी महाराजांचंही तसंच, जिरेटोप आणि दाढी असल्यावर काही सुटून पडत नाही. या यशाने धीर चेपून काकांनी काकूंचं चित्र कापायला घेतलं. काकूंच्या नाकाची सावली कशालाच जोडलेली नव्हती. ती पडू नये म्हणून काकांनी नाकापासून ओठापर्यंत एक छोटा पूल ठेवला. चित्र कपाटामागे आहे. त्या पुलाला मिशी म्हणायची घरात बंदी आहे.

आषाढी झाली की काकांचा भाव वधारतो. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून सगळ्या नात्यागोत्यात काकांची मखरं जातात. खिळा नाही, स्क्रू नाही, नुसती खाचेत खाच. न्यू जर्सीच्या भाचीसाठी तर विमानाच्या 23 किलोंच्या बॅगेत बसणारं घडीचं मखर होतं. भाजणी आणि मेतकूट नेऊ की मखर, असा प्रश्न तिला पडला, तेव्हा काका म्हणाले, "भाजणी तिकडेही मिळते." हे वाक्य काकूंनी ऐकलं, आणि त्या वर्षी मखराला काकूंच्या हातचे आरसे लागायचे राहिले.

आता शत्रूबद्दल. गल्लोगल्ली लेझर कटिंगची दुकानं झाली आहेत. संगणकात चित्र घातलं की एमडीएफच्या फळीतून मखर काही मिनिटांत बाहेर, स्वस्त आणि नेमकं. काकांच्या कामाकडे पाहून एखादा तरुण सहज म्हणतो, "छान आहे, लेझर का?" काका काही बोलत नाहीत. आतून लेझरचा एक तुकडा आणतात आणि त्याच्या नाकाखाली धरतात. "वास घे. जळका येतो ना? कड काळी बघ." मग दुसरं अस्त्र काढतात. मशीनचं टेबल तिरकं करून एकाच फळीतून एकात एक कड्या कापायच्या, त्या एकावर एक चिकटवायच्या, की सपाट फळीचा वाडगा होतो. लाकडाचा ठोकळा आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने कापला की आतून बुद्धिबळाचा घोडा निघतो. "सांग तुझ्या लेझरला घोडा काढायला!" तरुण तोवर लिफ्टजवळ पोचलेला असतो.

काका काहीच विकत नाहीत. एकदा कुणी किंमत विचारली, तेव्हा प्लाय, पाती आणि तास यांचा हिशेब त्यांनी प्रामाणिकपणे मांडला. आकडा ऐकून गिऱ्हाईक बसलं आणि काकाही बसले. तेव्हापासून सगळं भेट म्हणून जातं. वास्तुशांतीला घड्याळ, मुंजीला किल्ल्यांचं स्टँड, साठीला टिळक.

या वस्तूंवर धूळ बसते हे खरं, आणि ती प्रत्येक भोकात वेगळी बसते. पण दुसरी बाजूही बघा. काकांची दहाही बोटं शाबूत आहेत, रक्तदाब आटोक्यात आहे, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत ते पार्किंगवर अवाक्षर काढत नाहीत, कारण तेवढा वेळ ते व्यासपीठामागच्या ग्रिलची नक्षी पाठ करत असतात. निवृत्त माणसाकडून समाजाने याहून जास्त काय मागावं? तेव्हा मिळालेलं घड्याळ भिंतीवर लावा, धूळ जुन्या टूथब्रशने काढा, आणि काका घरी आले की भोकं किती ते तुम्हीच आधी विचारा.