खापरपणजोबा शोधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सर्वप्रथम खापरपणजोबांना घोड्यावरून खाली उतरवावे. बारामती-इंदापूरकडच्या बहुतेक घराण्यांत मूळ पुरुष तलवार घेऊन स्वार झालेला असतो आणि इंग्रजी दप्तरात घोड्याला रकानाच नव्हता. रकाना होता तो साऱ्याला. प्रिंगलसाहेबांनी इथल्या जमिनी मोजून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला तेव्हा कित्येक शेते ओस पडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरातूनच नवी मोजणी सुरू केली, जमिनीची प्रत आण्यांत ठरवली आणि धारा ३० वर्षांसाठी बांधून दिला. पुढे हीच तऱ्हा मुंबई इलाखाभर गेली. म्हणजे इंदापूरकरांचे पूर्वज कागदावर फार लवकर आले, पण ते पराक्रमामुळे नव्हे, तर पैसे भरायला कोणाला धरायचे हे सरकारला हवे होते म्हणून. शोधही त्याच वाटेने घ्यावा. बारामतीकरांनी जुने कागद भीमथडी या तालुक्याच्या जुन्या नावाने मागावेत.

यावर सुशिक्षित वंशज म्हणतो, 'मृत्युपत्र पाहिलं की झालं.' नाही झालं. एकत्र कुटुंबात बाप गेला की त्याचा हिस्सा आपोआप मागच्यांकडे जाई. त्यासाठी कागद कोण करणार? शिवाय १९२७ उजाडेपर्यंत मुंबई शहराबाहेरच्या हिंदूने तोंडी सांगितलेली शेवटची इच्छाही कायद्याला चाले. नोंदलेले मृत्युपत्र असलेच तर दुय्यम निबंधकाच्या ३ नंबरच्या पुस्तकात असेल आणि करणारा वारल्यावर कोणालाही त्याची नक्कल मिळते. मात्र त्यापेक्षा खापरपणजोबांचे कर्ज शोधावे. १८७९ च्या शेतकरी कायद्याने पुणे जिल्ह्यातल्या कुणब्याचा दस्त गावनिबंधकासमोर होऊ लागला. कर्ज हुडकणे घराण्याला शोभत नाही, असा आक्षेप येईल. पण ज्याला सावकार उभा करत नव्हता त्याच्याकडे जमीनही नसणार. ऋण हा पतीचा दाखला आहे. त्याआधीचे रोखे मिळाले नाहीत तर सावकाराला दोष देऊ नये. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात ते जाळणाऱ्यांत आपलेच पूज्य पूर्वज असू शकतात.

आता चढण. सातबाऱ्यावरून फेरफार, फेरफारावरून त्याआधीचा फेरफार असे मागे जावे. गटवारीपाशी गट नंबर सोडून जुना सर्व्हे नंबर पकडावा. आडनाव शोधत बसू नये. 'राणू बिन बाळा' एवढेच सापडेल आणि त्याच गावात तसे तिघे असतील. मग आपला कोणता? ज्याचा सर्व्हे नंबर आपला, तो. माणसाची ओळख शेतावरून पटवावी, कारण नावे फिरतात आणि शेत जागचे हलत नाही. उजनीचे धरण झाल्यावर पळसदेवकडच्या शेतांवर पाणी आले हे खरे, पण कागद पाण्याखाली गेलेला नाही. 'ए.कु.मॅ.' दिसल्यास दचकू नये. खापरपणजोबा कुठल्या कंपनीत नव्हते, ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर होते. खापरपणजी बहुधा विधवा झाल्यावरच कागदावर येते, तीही 'अज्ञान पालनकर्ती' म्हणून. लेकींच्या बाबतीत दप्तर त्याहून मितभाषी आहे, आणि वंशावळ पुरी झाली असे म्हणणाऱ्याने निदान हे भोक लपवू नये. नकलेच्या अर्जात कारण 'वंशावळीसाठी' असे लिहावे. गावात ते कोणी खरे मानणार नाही. वाटपाचा दावा येतोय असे समजून चुलतभाऊही आपापल्या नकला काढायला लागतील. त्या जरूर मागून घ्याव्यात, त्यांच्याकडचे फेरफार बहुधा जास्त जुने निघतात.