सोनखताचे खूळ

गेल्या मे महिन्यात परसातल्या संडासाचा बंद खड्डा उपसायला मी फावडे घेऊन उभा राहिलो, तेव्हा गडग्यापलीकडून शेजारचे भाई म्हणाले, "खुळावलस काय रे? कोणाक तरी बोलव मां!"

भाईंचा माझ्यावर जीव आहे, ते काळजीनेच बोलले. अडीच वर्षांपूर्वी बंद केलेला खड्डा. झाकण सरकवले तर आत भुसभुशीत, काळपट माती. वास आला तो जंगलातल्या पालापाचोळ्याखालच्या मातीसारखा, आणि तोही वाकल्यावर. मी त्यातली घमेलेभर काढून गडग्यावर ठेवली. भाई दोन पावले मागे सरले. थोड्या वेळाने पुन्हा पुढे आले आणि बोटाने नाही, पण काटकीने त्यांनी ती माती उकरून पाहिली.

या खुळाची स्तुती करायला मी बसलो आहे, आणि ती मनापासून करणार आहे.

मराठीत माणसाच्या मैल्यापासून होणाऱ्या खताला सोनखत म्हणतात. ज्याने कोणी हे नाव ठेवले त्याने हे खत घातलेले पीक डोळ्यांनी पाहिले असणार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या नगरपालिकेचे मैल्याचे खत मुठा कालव्यावरचे ऊसकरी पैसे मोजून नेत. म्हणजे विष्ठा शेतात घालणे ही काही माझ्यासारख्या चार जणांची नवी कल्पना नव्हे. पण त्या जुन्या दिवसांची मला ओढ नाही. ते सोने घरोघरच्या टोपल्यांतून कोणाच्या तरी डोक्यावरून शेतापर्यंत पोचत होते, आणि ते डोके कोणाचे हे जन्मानेच ठरलेले होते. भाईंच्या तोंडचा 'कोणाक तरी' हा शब्द तिथून चालत आला आहे. म्हणून ज्या खुळाची मी स्तुती करतो ते नुसते खताचे नाही. तो 'कोणीतरी' मीच, असे म्हणणाऱ्यांचे ते खूळ आहे.

आमच्या कोकणात ते अप्पासाहेब पटवर्धनांना लागले. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला उचलण्याचे काम तिथे जात पाहून दिले जाई. ब्राह्मण घरात जन्मलेल्या, शिकलेल्या अप्पांनी ते काम मागितले. परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी अन्नावर पाणी सोडले. येरवड्यात असलेल्या गांधीजींना हे कळले आणि डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही अप्पांसाठी उपोषण सुरू केले. तुरुंगात लोक चांगल्या जेवणासाठी भांडतात, हलक्या कामासाठी भांडतात. संडास साफ करण्याचा हक्क मागण्यासाठी उपाशी राहिलेला माणूस तेव्हाच्या शहाण्यांना कसा दिसला असेल? मला मात्र स्वातंत्र्यलढ्यातल्या मोठमोठ्या प्रसंगांत हा प्रसंग फार वरचा वाटतो. पुढे १९४८ मध्ये अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि सोनखत, स्वस्त संडास, गोबरगॅस यांचे प्रयोग आयुष्यभर केले. तुरुंगातला हट्ट त्यांनी बाहेर आल्यावर विज्ञानाच्या वाटेला लावला. कोणालाही कोणाचा मैला उचलावा लागू नये, अशी रचना त्यांना हवी होती.

अप्पांचे खूळ देहूत एका डॉक्टरला लागले. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९६० च्या सुमारास देहूच्या सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. जुलाब, जंत, कावीळ यांवर औषध द्यायचे, आणि बरा झालेला माणूस पुन्हा त्याच उघड्या हागणदारीतून, त्याच पाण्यावर घरी जायचा. अशा ठिकाणी औषधाच्या बाटल्या किती पुऱ्या पडणार? डॉक्टरांनी संडास बांधायला घेतले. सुरुवातीचे पावसाळ्यात ढासळले. त्या काळच्या खेड्यात, लोकांना समजावून बांधायला लावलेले संडास डोळ्यांदेखत खचल्यावर माणसाने बदली मागितली असती तर कोणी नाव ठेवले नसते. डॉक्टर देहूतच राहिले. अप्पांना त्यांनी गुरू मानले, बांधकाम सुधारले, पुढे संडासालाच जोडलेले बायोगॅस संयंत्र तयार केले आणि त्याला 'मलप्रभा' हे नाव दिले. मैला हवाबंद टाकीत जातो, तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू तो खातात, मिथेन तयार होतो, त्यावर चूल पेटते आणि उरलेली मळी खताला जाते. ज्या गॅसचा उगम घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे त्यावर भाकरी भाजायला बायका तयार झाल्या, याचे मला फार अप्रूप वाटते. डॉक्टरांइतकीच त्या चुलीपुढच्या बायकांचीही स्तुती केली पाहिजे. मापुसकर २०१५ मध्ये गेले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. देहूत त्यांनी उभारलेल्या संस्थेला नाव मात्र अप्पासाहेब पटवर्धनांचे आहे.

माझ्या परसातला संडास मलप्रभेपेक्षा साधा आहे. तीव्र उताराचे भांडे, त्याखाली थोडे पाणी धरणारी वाकडी नळी, मध्ये एक चौकोनी चेंबर आणि त्यातून दोन खड्ड्यांकडे जाणाऱ्या दोन वाटा. एक वाट चालू, दुसरी विटेने आणि मातीने बुजवलेली. खड्ड्याच्या भिंतीला जाळीसारखी भोके, तळ मोकळा. पाणी मुरते, वायू मातीत शोषला जातो, आणि दीड-दोन लिटर पाण्यात काम होते. शहरातल्या फ्लशला एका वेळेला सहा ते दहा लिटर लागतात, तेही पिण्याच्या लायकीचे पाणी. आमच्यासारख्या पाच माणसांच्या घरात एक खड्डा भरायला तीनेक वर्षे लागतात. मग वाट बदलायची आणि भरलेल्याला हात लावायचा नाही. वर्ष-दीड वर्षात त्यातले रोगजंतू मरतात. जंतांची अंडी सर्वांत चिवट असतात, म्हणून मी घाई करत नाही. विहिरीपासून खड्डा लांब हवा, आणि जिथे पावसाळ्यात पाणी अगदी वर येते तिथे ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. हे खूळ शिस्तीचे आहे. ताजा मैला शेतात घालणारा माणूस त्यात बसत नाही.

आणि या मैल्यात आहे काय? एका माणसाच्या वर्षभराच्या मलमूत्रात साधारण चार किलो नत्र असते, म्हणजे आठ-नऊ किलो युरियाइतके. त्यातले बहुतेक लघवीत. सहा महिने बंद भांड्यात साठवलेली लघवी शेताला वापरता येते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शनात सांगून ठेवले आहे. पोटॅश खतासाठी आपला देश जवळजवळ सगळा परदेशावर अवलंबून आहे, आणि रोज सकाळी आपण पोटॅश, स्फुरद, नत्र पाण्याबरोबर नदीला देतो. लडाखी माणूस हे करत नाही. त्याच्या घरात वरच्या मजल्यावर कोरडा संडास असतो, वर माती टाकतात, खालच्या खोलीत खत होते आणि ते शेतात जाते. तिथे याला कोणी खूळ म्हणत नाही.

मला राग येतो तो खोल टाक्यांचा. संडासाच्या सरकारी अनुदानात दोन छोटे खड्डे सांगितलेले असतात, आणि लोक पदरचे पैसे घालून खोलीएवढी टाकी खणतात. आपल्या हयातीत उपसायलाच नको, हा हिशेब. पण टाकी कधी ना कधी भरते. तेव्हा 'कोणाक तरी' बोलावतात, तो दोर धरून आत उतरतो, आणि आत साठलेला वायू त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा कामाला माणूस लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपये द्यायला सांगितले. माणसे तरीही मरतात. माझ्या खड्ड्यात कोणी मरणार नाही, कारण तो कमरेएवढा आहे, त्यात माती आहे, आणि तो मीच उपसतो.

२०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या स्वच्छता खात्याचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात अशाच एका खड्ड्यात उतरले आणि खत हातात घेऊन वर आले. फोटोसाठी, असे पुष्कळजण म्हणाले. असेना का. एवढ्या वरच्या अधिकाऱ्याने खड्ड्यात पाय ठेवलेला मी तरी आधी पाहिला नव्हता, आणि तो फोटो पाहिल्यावरच मला स्वतःचा खड्डा स्वतः उपसायचे धैर्य आले.

त्या दिवशी सोळा घमेली निघाली. नारळाच्या आळ्यात आणि दोन फणसांच्या मुळाशी ती घालून वर पाचोळा पसरला. मग चेंबर उघडून चालू वाट विटेने बंद केली आणि रिकाम्या खड्ड्याची मोकळी केली. धाकट्या मुलीने विचारले, "आता दुसरा कधी उघडायचा?" मी दीड वर्ष म्हटले. भाई अजून गडग्याशीच उभे होते. ते म्हणाले, "दोन कर. जंत वायट." मुलीने चुलीतला कोळसा आणला आणि भरलेल्या खड्ड्याच्या झाकणावर त्या दिवसाची तारीख लिहिली.