गांधीबागेचं मारुती प्रकरण

ऐकलंत का? नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडवाल्यांनी लाजच सोडली आहे हो! ज्या शेटजींच्या पेढीवर एका लग्नाचा बस्ता लाखाच्या खाली बांधला जात नाही, ज्यांच्या काचेतल्या पुतळीच्या अंगावर ऑल्टोच्या डाउन पेमेंटएवढा लेहंगा झुलतो, ते शेटजी रात्री शटर ओढल्यावर स्वतः बसतात कशात, तर वॅगनआरमध्ये. तीही पांढरी. तीही मधलं मॉडेल. आणि कोणी विचारलंच तर मान खाली घालायची सोडून वर ऐकवतात, "भाऊ, वीसचा अ‍ॅव्हरेज देऊन राहिली!"

तिकडे धरमपेठ-रामदासपेठेत लोक दारात भल्याथोरल्या एसयूव्ही उभ्या करून महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा मेसेज आला की घोटभर पाणी पितात. याला म्हणतात इभ्रत. आणि इकडे? अग्रसेन चौकाच्या मेट्रो स्टेशनवरून खाली पाहा. सेंट्रल अव्हेन्यूच्या दोन्ही बाजूंनी मारुती-सुझुकी या एकाच घराण्याची छपरं. सगळ्या नगदी घेतलेल्या, आणि सगळ्यांच्या मागच्या सीटवर सॅम्पलचे गठ्ठे. नाव घेतलंय ब्रह्मचाऱ्याचं आणि लफडं घराघरात!

आता एवढं प्रकरण झालंच आहे तर मुलाकडच्यांचं खानदान तपासायला नको? मी तपासलं, आणि जे निघालं ते ऐकून पेढीवरचे मुनीमजी गादीवरून खाली यायचे राहिले. अहो, ही सुझुकी मूळची मोटारवालीच नव्हे. मागवाली! मिचिओ सुझुकी नावाचा सुताराच्या हाताखाली शिकलेला माणूस, जपानातलं हामामात्सु गाव, साल 1909. त्यानं कारखाना काढला तो हातमाग-यंत्रमागांचा. पहिला माग म्हणे आईसाठी बनवला होता, तिचे कष्ट वाचावेत म्हणून. पुढं त्याचे माग आग्नेय आशियात जाऊ लागले, तिथल्या लोकांची सारोंग विणायला. म्हणजे आपल्या गल्लीत लुंगीचे तागे विकणारे जे करतात, त्याच धंद्याच्या दुसऱ्या टोकाला हे गृहस्थ बसले होते. 1937 च्या सुमारास मोटारीचं वेड लागलं, इंग्लंडची एक ऑस्टिन सेव्हन आणून ती उलगडून पाहिली. पण मध्ये युद्ध आलं. 1952 मध्ये सायकलला 36 सीसीचं इंजिन लावून विकलं आणि 1955 मध्ये 360 सीसीची सुझुलाइट ही पहिली मोटार. तोवर पोट कापडानंच भरलं.

पुढे अजून आहे. टोयोटाचंही तेच! साकिची टोयोदा, शेजारच्याच कोसाई गावचा, यानंही आधी माग बनवले आणि मग त्याच्या मुलानं माग कारखान्याच्या पोटात मोटारीचं खातं उघडलं. दोन मागवाल्यांची घराणी, गावं एकमेकांना लागून. 2019 पासून तर ते सरळ व्याही झाले आहेत. सुझुकीच्या बलेनोला टोयोटाचं कुंकू लावलं की ती ग्लांझा. गाडी तीच, लोखंड तेच, पण आमच्याकडे एका घरात थोरल्याकडे बलेनो आणि धाकट्याकडे ग्लांझा आहे आणि दोघं एकमेकांना ऐकवतात की "तुझ्यापेक्षा माझी दणकट हाय." बायका स्वयंपाकघरात हसून लोळतात.

आणि घरजावई! हे तर सांगायचंच राहिलं. ज्या ओसामू सुझुकींनी ही कंपनी चाळीसेक वर्षं मुठीत ठेवली, ते जन्मानं सुझुकी नव्हतेच. आडनाव मात्सुदा, बँकेत नोकरी. 1958 मध्ये मिचिओच्या नातीशी लग्न केलं आणि सासरचं आडनाव लावलं. बरं, ते पहिले नव्हेत. त्यांच्या आधी मिचिओचा जावई शुन्झो हाही असाच दत्तक येऊन अध्यक्ष झाला होता. आमच्याकडे घरजावयाला गल्ल्यावर बसू देताना सासरे दहादा विचार करतात, चावी कमरेलाच ठेवतात. तिथं जावयांनीच दुकान जगभर नेलं. हे ऐकून एका शेटजींनी आपल्या जावयाकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी विसरणार नाही. जावईबापू तेव्हा मोबाइलवर क्रिकेट पाहत होते.

ओसामूंचा चिक्कूपणा तर असा, की गांधीबागेनं त्यांचा फोटो गादीमागं लावावा. एसीचा खर्च वाचावा म्हणून कारखान्याची छतं खाली घ्यायला लावली. म्हातारपणीसुद्धा विमानात स्वस्तातल्या वर्गानं जायचे. आत्मचरित्राच्या नावातच स्वतःला छोट्या-मध्यम कंपनीचा म्हातारा मालक म्हणवून घेतलं. डिसेंबर 2024 मध्ये 94 व्या वर्षी गेले. पद्मविभूषण मरणोत्तर मिळालं. एक दलाल म्हणाले, "हा तर आपल्याच बाजारातला माणूस, चुकून जपानात जन्मला."

बरं, लफड्याला सुरुवात कधी झाली? 2 ऑक्टोबर 1982 ला मारुती उद्योग आणि सुझुकीचा करार झाला, सुझुकीचा वाटा 26 टक्के. त्याच महिन्यात मिचिओ 95 वर्षांचे होऊन गेले. नातजावयाचा हा सौदा झालेला बघून गेले म्हणायचं. 1983 मध्ये बुकिंग उघडलं, दहा हजार रुपये भरून. तेव्हाचे दहा हजार, लक्षात घ्या! तरी 1 लाख 35 हजार लोकांनी भरले. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी मारुती 800 ची पहिली चावी दिली. किंमत 47,500. तोवर अँबॅसेडर आणि पद्मिनी या दोन भारदस्त सासवांचं राज्य होतं, त्यात ही 796 सीसीची तीन सिलिंडरवाली सून आली, एका सेल्फात सुरू होणारी, भर मे महिन्यात न उकळणारी. नागपूरच्या मे महिन्यात, म्हणजे शेचाळीस अंशात, हे केवढं मोठं चारित्र्य आहे ते पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायचं नाही. ज्याचा नंबर आधी लागला त्यानं 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, घेऊन अलॉटमेंट विकली, असे किस्से अजून नावानिशी सांगितले जातात. नावं मी गाळतो, नातवंडांची लग्नं व्हायची आहेत. हुंड्यात 'मारुती' हा शब्द तेव्हापासूनच आला आणि तो मात्र खरोखरीचा कलंक होता.

आता तुम्ही म्हणाल, स्वस्तच घ्यायची तर टाटांची नॅनो का नाही घेतली? टाटा तर घरचे. जमशेटजींनी एम्प्रेस मिल इथंच, गांधीसागर तलावाकाठी, 1 जानेवारी 1877 ला सुरू केली. टाटांचं नशीब नागपूरच्या सुतावर उघडलं. कापडातून मोटारीत येण्याचा रस्ता त्यांनीही तुडवला. मग? अहो, इथंच तर गांधीबागेचा खरा ढोंगीपणा आहे. 2008 मध्ये नॅनो 'एक लाखाची गाडी' म्हणून दाखवली आणि तिथंच घात झाला. स्वस्त गाडी घ्यायला इथं कोणाची ना नाही. पण स्वस्त आहे हे चौकातल्या पानवाल्यालाही ठाऊक असणं? शिव शिव! भावात घासाघीस करून गिऱ्हाईक थान घेऊन जातं, पण घरी जाऊन 'कटपीस आणला' असं कोणी सांगतं का? रतन टाटांनीही पुढं कबूल केलं की 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का भोवला. सुझुकीनं स्वस्तच विकली, पण आव मात्र किफायतीचा आणला. एवढंच.

मालकांची मतं ऐकायची तर दुपारी तीन ते चार, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. सगळ्यांचा पहिला मुद्दा अ‍ॅव्हरेज, दुसरा मुद्दा रिसेल. गाडी घेतानाच ती विकायची किती येईल याचा हिशेब ज्यानं केला नाही, तो कापडवाला नव्हे. तिसरा मुद्दा सुटे भाग: गाडी भंडाऱ्याला बंद पडो की काटोलला, मेकॅनिक बोनेट उघडण्याआधीच भाव सांगतो. इको ज्यांच्याकडे आहे त्यांचं प्रेम तर आंधळं. मागची सीट काढली की गाठीच गाठी; हातगाडी जिथं वळत नाही तिथं ही वळते. सीएनजीचं मात्र कोणी नाव काढू नका. 2022 च्या मार्चमध्ये नागपुरात सीएनजी 120 रुपये किलो झाला, देशात सगळ्यात महाग, आणि किट बसवून घेतलेल्यांना त्या महिन्यात चौकात तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

तक्रार म्हणाल तर एकच, पण जुनी. पत्रा! इथला माणूस दाराच्या पत्र्यावर अंगठा आणि तर्जनी अशी फिरवतो जशी पोतावर फिरवावी, अंगठ्यानं हलकेच दाबतो, पत्रा आत जाऊन 'टक' करून बाहेर येतो, आणि तो ओठ मुडपून म्हणतो, "पोत हलका हाय जी." तरी घेतो. वजन कमी म्हणूनच अ‍ॅव्हरेज जास्त, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आणि मग सुरक्षेच्या स्टारचं प्रकरण आलं. 2014 मध्ये गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं ऑल्टो 800 भिंतीवर आपटली: शून्य. स्विफ्ट: शून्य. 2016 मध्ये इको: शून्य. 2020 मध्ये एस-प्रेसो: शून्य. दहावीच्या निकालात असे मार्क पडले असते तर मुलगा घर सोडून गेला असता. गांधीबागेनं काय केलं? "आपण इतवारीच्या बाहेर वीसच्या वर चालवतो कुठं?" असं म्हणून पुढचं गिऱ्हाईक घेतलं. गंमत पाहा, सहा एअरबॅगा सक्तीच्या करायला निघालेले मंत्री कोण, तर इथलेच खासदार, महालातले गडकरी. आणि त्यानं छोट्या गाड्या महाग होतील म्हणून कुरकुरणारे कोण, तर मारुतीचे अध्यक्ष भार्गव. गांधीबागेची केवढी कोंडी! मत गडकरींना आणि मन भार्गवांपाशी. 2023 मध्ये सक्ती बारगळली, तेव्हा कोणी उघड आनंद केला नाही. पण त्या दिवशी पेढीवर चहासोबत समोसे आले.

मतं बदलली ती समृद्धी महामार्गानं. डिसेंबर 2022 मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा उघडला आणि दर्शनाला म्हणून लोक आपल्या हलक्याफुलक्या गाड्या घेऊन निघाले. शंभरच्या पुढं, बाजूनं मोठा ट्रक गेला, की स्टिअरिंग हातात थरथरतं आणि मागं बसलेली सासू रामरक्षा सुरू करते. परतल्यावर पहिल्यांदा गांधीबागेत 'स्टार' हा शब्द सिनेमा सोडून दुसऱ्या अर्थानं ऐकू आला. कंपनीनंही ऐकलं असावं. नोव्हेंबर 2024 मध्ये नव्या डिझायरला पाच स्टार मिळाले, मारुतीला पहिल्यांदाच. आता ऑल्टोतही सहा एअरबॅगा येतात. माझं विचाराल तर हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं. अ‍ॅव्हरेज वाचवणाऱ्यानं माणूसही वाचवावा, यात महाग काय आहे?

सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. एस-प्रेसो साडेतीन लाखांत, ऑल्टो के-10 तीन लाख सत्तर हजारांत. दिवाळीच्या तोंडावर पेढ्यांवर जे कुजबुजणं झालं ते बस्त्याच्या सीझनलाही होत नाही. घरातली तरुण पोरं मात्र जिम्नी मागतात. इथं 2023 मध्ये ती पावणेतेरा लाखांपासून आली तर लोकांनी दारावर अंगठा फिरवून पाहिला आणि घरी गेले. तीच पाच दरवाज्यांची, आपल्या गुडगावात बनलेली जिम्नी जानेवारी 2025 मध्ये जपानात बुकिंगला ठेवली, तर चार दिवसांत पन्नास हजार बुकिंग झाली आणि सुझुकीला बुकिंगच बंद करावं लागलं. जपानी लोक रांगेत आणि गांधीबाग "इतक्यात दोन वॅगनआर येतात ना जी" म्हणत बसलेली.

तेव्हा तुमच्या दारात जुनी 800 किंवा ऑल्टो धूळ खात उभी असेल आणि कागद सरळ असतील, तर भंगारात घालण्याआधी गांधीबागेत एकदा विचारून पाहा. भाव बरा येईल. फक्त टायर नवे टाकून आणू नका; त्याचे पैसे इथं कोणी देत नाही.