साडीभर सूर

सोलापुरात नवी पेठेतल्या एका साडीच्या दुकानावर, माडीवरच्या खोलीत मास्तर राहतात. त्यांचा माझा वीस वर्षांचा शेजार, पण त्यांनी वाजवलेलं गाणं काही मी ऐकलेलं नाही. ऐकला तो एकच सूर. नळाच्या पाण्याचा भरवसा नसतो, मास्तरांचा सा मात्र पहाटे पाचला हजर.

बँडात उमेदवारी करणारी पोरं त्यांच्याकडे क्लॅरोनेट शिकायला येतात. प्रत्येकाला वरातीत 'नागिन' वाजवायचं असतं. मास्तर आधी त्याचा नूर उतरवतात, "१९५४ च्या त्या शिणेमात पुंगी नव्हतीच बे. कल्याणजींनी क्लेव्हायोलिनवर वाजवलेलं ते." पोरगं गार पडलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "आधी सा, मग साप."

मग तीन महिने साच. खालचा ओठ दातांवर घ्यायचा, वरचे दात माउथपीसवर टेकवायचे, पोटातून फुंकायचं. सूर अल्लद उठवायचा, भरायचा आणि तसाच विरवत न्यायचा. ऐकायला सोपं. पण क्लॅरोनेटची जात उलटी. दम वाढवला की सूर उतरू बघतो, कमी केला की चढू बघतो. बरं, अंगठ्याची कळ दाबली तर बासरीसारखा वरचा सा मिळावा, तर तेही नाही. हे वाद्य वरचा सा ओलांडून थेट त्याच्यापुढचा पंचम गाठतं. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात रीड वाळून वाकडी होते, नळीतली हवा तापून सूर चढतो, ते आणखी वेगळंच. "इतक्या भानगडी असताना गाणं कशाला वाजवायचं?" असं मास्तर मनापासून विचारतात.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा अख्खं गाव पोटापाण्याच्या काळजीत होतं. ती काळजी मास्तरांनाही होतीच, पण त्यांचा जीव खरा तुटला तो भोंग्यासाठी. "एका दमात, काठाला न थरथरता! गावात आता सूर धरणारं कोण ऱ्हायलंय?" त्यांच्या मते कुकरची शिट्टी उतावळी, रिक्षाचा हॉर्न बेसूर आणि आमच्या घरची डोअरबेल ही तर थेट संगीतद्रोह.

घड्याळावर त्यांचा विश्वास नाही. त्यांचं माप खालच्या दुकानात आहे. सेल्समननं साडी झटकून उलगडली की पोरानं सूर उचलायचा. काठ, अंग, पदर दाखवून पुन्हा घडी बसेपर्यंत धरायचा. सुरुवात सहावारीनं. नऊवारी इरकल ही वरची परीक्षा. तो सेल्समन आता निम्मा वस्ताद झालाय. नवशिका असेल तर हात भराभर चालवतो, मुरलेला असेल तर पदरावर मुद्दाम रेंगाळतो.

परवा मी टॉवेल घ्यायला गेलो होतो. कुर्डुवाडीकडच्या एक काकू इरकल बघत होत्या. माडीवर सूर चाललेला, जरासा कापरा, शेवटच्या श्वासाला आलेला. काकूंना काठ पसंत पडला होता. "बास, बांधा ही," त्या म्हणाल्या.

सेल्समननं घडी घातली नाही. छताकडे बोट केलं आणि हळूच म्हणाला, "थांबा की काकू, पोरगं अजून पदरापर्यंत आलं नाही."