फ्री कॅन्सलेशनवाले काका

युरोपला जायचं ठरलं की लोक काय काय बघायचं त्याची यादी करतात. काका पाठ कुठे टेकायची याचा अभ्यास सुरू करतात. बँकेतून निवृत्त झालेले, पेन्शन बरी, गुडघे त्याहून बरे. ‘परवडत नाही’ हे त्यांचं दुखणं नाहीच. जास्त पैसे दिले गेले, या कल्पनेनेच त्यांना आम्लपित्त होतं.

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो, ही काकांना पर्वणीच. फुकट रद्द करता येईल अशी खोली आधी धरून ठेवायची आणि मग रोज रात्री बातम्या संपल्या की तीच खोली नव्याने शोधायची. भाव चार युरोंनी उतरला की नवी बुक, जुनी रद्द. तिकडच्या मालकाला वाटत असेल, डोंबिवलीची अख्खी सोसायटी यायला निघते आणि ऐन वेळी सगळ्यांचा बेत फिसकटतो.

पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय काका वाचतात, पण फक्त वाईट. चांगलं लिहिणारे बिनडोक असतात, असं त्यांचं मत आहे. काकू शेजारी बसून भाजी निवडत ऐकत असतात.

“खोली फार लहान आहे म्हणे.”

“मग?”

“मग काय, आपण तिथे फुगड्या घालणार आहोत? रेल्वेचा आवाज येतो, असंही लिहिलंय. म्हणजे स्टेशन जवळ!”

“उशीबद्दल काय?”

“पातळ. तुला डॉक्टरांनी पातळच सांगितलीय.”

मग एकदा हॉस्टेलची टूम निघाली. आठ जणांच्या खोलीत दुमजली पलंग हे ऐकून काकूंनी सुरी खाली ठेवली, तेव्हा काकांनी इतिहास काढला. १९०९ साली रिचर्ड शिरमान नावाच्या जर्मन शिक्षकाला पोरांच्या पायी सहलीत वादळाने गाठलं. रात्र एका गावच्या शाळेत काढली आणि त्यातूनच त्याला यूथ हॉस्टेलची कल्पना सुचली. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल सुरू झालं. “किल्ल्यात, बरं का!”

“त्यांच्याबरोबर पोरं होती,” काकू म्हणाल्या. “वरच्या पलंगावर चढणार कोण?”

हॉस्टेल रद्द झालं. अर्थात फुकट.

व्हेनिससाठी त्यांनी मेस्त्रे शोधलं. जमिनीवरचं, कालवे-बिलवे नसलेलं, साधं गाव. “व्हेनिसची डोंबिवली गं! गाडीने दहा मिनिटं, आणि बसायला जागा मिळते.” शिवाय मेस्त्रे व्हेनिसच्याच नगरपालिकेत येतं. २०२४ पासून ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी व्हेनिसला येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात, मुक्कामाला असणाऱ्यांना मात्र ते माफ. काकांनी मुद्दाम शुल्काचाच दिवस निवडला. गर्दी मरणाची होती, पण इतर लोक पैसे भरून आलेत आणि आपण माफीचा कागद दाखवून, हे सुख त्यांना सान मार्कोच्या चौकापेक्षा मोठं वाटलं. मुक्कामाचा पालिकेचा कर माणशी, दर रात्री वेगळा द्यावा लागतो, त्याबद्दल ते सहसा बोलत नाहीत.

ग्रँड कॅनॉलवर काकूंना पाणी दिसलं, काकांना खिडक्या. प्रत्येक हॉटेलासमोर थांबायचं, फोनमध्ये आजचा भाव बघायचा आणि “बाप रे!” म्हणून तृप्त व्हायचं. एवढे वाचले, एवढे वाचले, असं करत पुलापर्यंत येईतो बचतीचा आकडा चांगलाच फुगला.

“गोंडोलाला किती पडतात?” काकूंनी सहज विचारलं.

“सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो. वेडे आहेत लोक.”

“आणि तुमचे वाचले किती?”

काका हिशेबाचे पक्के, खोटं बोलता येईना. अर्धा तास ते गोंडोलात घड्याळाकडे बघत बसले. काकूंचे फोटो मात्र छान आलेत.

हा माणूस चिडवायला सोपा आहे, पण कुठल्या स्टेशनात किती नंबरच्या फलाटावर गाडी लागते आणि कुठल्या दुकानात दही स्वस्त, हे टूर कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्याला नाही सांगता येणार. काका झोपेतून उठवलं तरी सांगतील.

सहल संपवून येऊन आता बरेच दिवस झाले. काका अजून रोज रात्री मेस्त्रेच्या त्याच हॉटेलचा भाव बघतात. वाढलेला दिसला की गाढ झोपतात. परवा सहा युरोंनी उतरला होता, तर दुसऱ्या दिवशी एकादशी नसताना जेवले नाहीत.