बदलून बघू : जुन्या टर्बो गाडीच्या मालकांसाठी मार्गदर्शन

जुन्या टर्बो गाडीतला बिघाड वर्षानुवर्षे जपायचा तर नुसता पैसा असून भागत नाही, त्याला पद्धत लागते. अभ्यासासाठी फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन घ्यावे. २००७ साली ते स्विफ्टमधून घरोघरी पोचले, पुढे डिझायर, इंडिका विस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसले. मानेसरला ते बनले, तसे आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावलाही बनले. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, त्यामुळे तिची ही इंजिने आता सगळीच वयस्क आहेत. रबर कडक झालेले, वायरींचे वेष्टण तडकलेले, क्लिपा सैल पडलेल्या. नवशिक्याला याहून चांगले साहित्य मिळणे कठीण.

पहिली पायरी म्हणजे चेक इंजिनचा दिवा लागताच स्कॅनर लावावा आणि जो कोड दिसेल तो कोर्टाचा निकाल समजावा. पी०१०१ हा कोड फक्त एवढेच सांगतो की इंजिनात किती हवा जाते याचे सेन्सरने दिलेले माप आणि कॉम्प्युटरचा अंदाज यांचा मेळ बसत नाही. पण एवढे बारीक वाचत बसू नये. ‘एअर फ्लो सेन्सर गेला’ असे सरळ भाषांतर करून टाकावे. टर्बोच्या पुढच्या होस पाइपला चीर पडली असेल, तर सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटते. इंजिनापर्यंत कमी हवा पोचते, पिकअप जातो आणि मागे काळा धूर निघतो. सेन्सरने हवा बिनचूक मोजली होती. तरीही बदली त्याचीच करावी, कारण तो दुकानात मिळतो आणि चीर मात्र शोधावी लागते. पी०२९९ आला तर काम आणखी सोपे. त्याचा अर्थ टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतो एवढाच. कारणे गळक्या पाइपपासून अडकलेल्या अॅक्चुएटरपर्यंत कितीही असू शकतात. आपण ‘टर्बो गेला’ म्हणावे आणि घरच्यांना पुढच्या महिन्याच्या खर्चाची कल्पना द्यावी.

दुसरी पायरी पथ्याची आहे. फुकट होणाऱ्या तपासण्या कटाक्षाने टाळाव्यात. चावी ऑन करून इंजिन सुरू न करता दाबाच्या सेन्सरचे रीडिंग पाहिले, तर ते बाहेरच्या हवेइतके यायला हवे : मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास. पुण्यातल्या गाडीने ९५ दाखवले तर निदान त्या घडीला तरी सेन्सर खरे बोलतो आहे, आणि मग तो विकत घ्यायला निमित्त उरत नाही. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसावे. मे महिन्यात नागपुरात कूलंट उणे ४० अंश दाखवू लागले, तर बहुधा कुठेतरी वायर तुटली आहे किंवा कपलर निघाला आहे. होस पाइपच्या जोडावर तेलाचा ओला डाग दिसला तर नजर फिरवावी, कारण गळती बहुधा तिथेच असते. बॅटरीचे व्होल्टेज आणि इंजिनाची अर्थिंगची वायर हे विषय तर चारचौघांत काढूच नयेत.

यावर अनुभवी मंडळी विचारतील, ‘सेन्सर बदलल्यावर गाडी सुधारली, त्याचे काय?’ सुधारते खरी. नवा सेन्सर बसवताना जुना कपलर काढून घातला जातो, गंजलेले टोक घासले जाते, वर कोडही पुसला जातो. पुष्कळ कोडांच्या बाबतीत तोच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय कॉम्प्युटर दिवा लावत नाही. मधल्या काळात पेढे वाटून होतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : पंधरा वर्षांनी सेन्सर खरोखरच खराब होतात. होतात तर. तेल लावलेल्या फिल्टरचे तेल उडून हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर किंवा पापुद्र्यावर बसते आणि माप चुकू लागते. पण तसे झाले असेल तर तेही रीडिंगमध्येच सापडते, आणि कधी कधी योग्य स्प्रेने साफ करूनही भागते. म्हणजे तपासणी निर्दोष सेन्सरला सोडवते, तशीच दोषी सेन्सरला पकडूनही देते. बदलून बघण्यात यातले काहीच होत नाही. फार तर एक शक्यता कमी होते, तीही नवा पार्ट अस्सल असेल तर.

उरला लोकप्रिय आक्षेप : ‘मेकॅनिक लुबाडतात.’ काही लुबाडतही असतील. पण बिलाकडे नीट पाहिले तर निम्मी जबाबदारी आपल्याकडे येते. सेन्सरची किंमत आपण निमूटपणे देतो, आणि अर्धा तास पाइप चाचपून, वायर मोजून, आकडे ताडून पाहणाऱ्याला मात्र ‘केलेस काय, नुसते बघितलेस’ म्हणून चहावर बोळवतो. ज्या कामाची बिलात ओळ नाही ते काम गॅरेजात होत नाही. मग ज्याची ओळ आहे तो पार्ट बदलला जातो, आणि दोष पुढच्या पार्टची वाट पाहत जागच्या जागी राहतो.

ज्यांना हे मार्गदर्शन पाळायचे नसेल त्यांनी पार्ट घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा : हा खराब आहे हे कोणत्या रीडिंगवरून ठरवले? उत्तरात आकडा मिळाला तर त्या तपासणीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. ‘बदलून बघू’ असे उत्तर आले तर चावी परत घ्यावी.